अंतर्गोल आरशाची किरणाकृती बोटांना कळत नाहीये, मदत हवी आहे

चंद्रकोर
माझ्याकडच्या दोन अंध मुलींना अंतर्गोल आरशाची किरणाकृती फुगणाऱ्या कागदावर (तापवला की छापलेल्या रेघा उठून येतात तो) काढून दिली, पण त्यांच्या बोटांना नुसता गुंता लागतो. नाभीपाशी, म्हणजे किरण एकत्र येतात तिथे, तर सगळंच एक होतं. परीक्षा तोंडावर आली आहे. लवकर सांगा.

रानवारा
मुलींना ब्रेल येतं का? जन्मापासून दिसत नाही की दृष्टी नंतर गेली? मूळ आकृती कुठली? नुसतं 'गुंता' म्हटलं तर काय सांगणार?

घनमूळ
कागद सोडा, थ्रीडी प्रिंट करा. पेशी, रेणू, हृदय, आम्ही सगळं तसंच शिकवतो.

रानवारा
हृदय हातात धरता येतं, किरण नाही. परीक्षेत उठावाची सपाट आकृती समोर आली तर ती वाचायची सवय कुठून येणार?

आभाळमाया
लेखनिकासाठी अर्ज वेळेत करा, शेवटी फार धावपळ होते.

चंद्रकोर
लेखनिकाचं विचारलेलं नाही. दोघी ब्रेल उत्तम वाचतात, दोघींना जन्मापासून दिसत नाही. आकृती पुस्तकातलीच, स्कॅन करून मोठी केलेली.

स्पर्शरेषा
पुस्तकातलीच, तिथेच अडलंय. मी स्वतः अंध आहे, अशा आकृत्यांशी शाळेत खूप झगडले. डोळ्याला सगळं एकदम दिसतं, बोट तुकड्यातुकड्यानं जुळवत जातं. ब्रेलच्या दोन टिंबांत सुमारे २.५ मिमी अंतर असतं, रेघा त्याहून जवळ आल्या की एकच लागतात. शिवाय तापवल्यावर रेघ फुगते आणि मधली फट आणखी बुजते.

आधी आरशामागच्या तिरप्या रेघा पुसा, बोटाला तो निव्वळ खरखरीतपणा लागतो. बाणाची टोकंही काढा, किरण सुरू होतो तिथे ठसठशीत ठिपका द्या. पहिल्या कागदावर फक्त आरसा, अक्ष, नाभी आणि वक्रताकेंद्र. दुसऱ्यावर अक्षाला समांतर येऊन नाभीतून जाणारा किरण. तिसऱ्यावर नाभीतून येऊन समांतर होणारा. दोन्ही एकत्र अगदी शेवटी. नावांसाठी एकेकच ब्रेल अक्षर, तेही रेघेपासून लांब. आणि कागद हातात देण्याआधी काय कुठे आहे ते तोंडी सांगा.

घनमूळ
एका आकृतीला चार कागद?

स्पर्शरेषा
हो, चार. एकाच कागदावर कोंबलेलं मला कधीच वाचता आलं नाही.

टाचणी
तयार आकृती कशाला? रबरी पाटीवर प्लॅस्टिकचा कागद ठेवून बॉलपेननं रेघ ओढली की ती तिथेच उठते. मुलींनाच काढू द्या, स्वतः काढलेला किरण विसरत नाहीत.

पाऊलवाट
माझा स्क्रीनरीडर समीकरणातले अपूर्णांक धड वाचत नाही. कुणाला उपाय माहीत आहे?

रानवारा
वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

चंद्रकोर
पहिला कागद दोघींना लगेच समजला! दुसऱ्यावर वेगळेपणासाठी अक्ष निळा केला, तर तो फुगलाच नाही. मशीन बिघडलं का?

स्पर्शरेषा
मशीन ठीक आहे. उष्णता शोषते ती कार्बनची काळी शाई, रंगीत रेघ तेवढी तापत नाही. सगळं काळ्यातच छापा. अक्ष तुटक, किरण सलग, आरसा जाड ठेवा.