मुखवटा काढला तर स्लिपनॉट उरतं का?

परभणी_बेस:
माझ्या मते स्लिपनॉट या अमेरिकन मेटल बँडचे मुखवटे आता जाहिरातीपुरतेच उरलेत. 1995 ला आयोवातल्या डे मॉइनमध्ये बँड सुरू झाला. पुढे बँडमधल्यांच्या नावांऐवजी 0 ते 8 आकडे आले, कारण माणूस बघू नका, संगीत ऐका. पण गायक कोरी टेलर त्याच्या दुसऱ्या बँडमध्ये, स्टोन सावरमध्ये, उघड्या तोंडानं गायला. 2014 ला नवा बेसवाला लोकांनी व्हिडिओतल्या हातावरच्या टॅटूवरून ओळखला. मग लपवायचं राहिलं काय?

हलगी_लातूर:
लपवायचंय कुणाला? पोतराज कोणाच्या घरचा, हे गावाला ठाऊक असतं. तरी चिंध्यांचा घागरा बांधून आसूड कडाडला, की तो घरचा माणूस राहत नाही. तसंच हे. आणि बँडमधल्या तालवादक क्राहनचं बघा, क्रमांक 6. धातूच्या बिअरच्या पिंपावर बेसबॉलची बॅट हाणतो. पिंपाला ठराविक सूर नाही, म्हणूनच तो टणत्कार गिटारच्या गोंगाटातून वर निघतो; ढोलांच्या गर्दीत शेकलेली हलगी निघते तसा.

परभणी_बेस:
पिंप मान्य. पण पिंपाला मुखवटा लागत नाही. 2006 चं ग्रॅमी वाजवण्याला मिळालं, चेहऱ्याला नाही.

नांदेड_रिफ:
तुमचा वाद चालू द्या, पण इथली पोरं मुखवटे आधी घेतात आणि ट्यूनिंगला फसतात. गिटारचं ड्रॉप बी ट्यूनिंग, म्हणजे जाड तार बी सुरापर्यंत उतरवलेली, असं लावा: नेहमीच्या ट्यूनिंगपासून सहाही तारा तीन सेमीटोन (अर्धे सूर) खाली, मग सगळ्यात जाड तार आणखी दोन. जाडीकडून बी, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. 9 चा, म्हणजे बारीक तारांचा सेट ठेवलात तर तार लोंबते, फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते, जोरात पिक मारला की सूर क्षणभर चढतो. 11-56 किंवा 12-60 चा जाड सेट घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकली तर खाच रुंद करून घ्या, नाहीतर ट्यूनिंग टिकणारच नाही. मग गिटारची मान तपासा, शेवटी बाराव्या फ्रेटवर सूर जुळवा. आणि गेन, म्हणजे आवाज किती फाटवायचा ते, कमी! दोन्ही गिटारींना भरमसाठ गेन दिला की रिफचा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचा) चिखल होतो.
मुखवट्याचंही सांगतो. लॅटेक्समधून घाम निघत नाही, मे महिन्यात तर गुदमराल. गायकाचे ओठ मोकळे ठेवा, नाहीतर 'प' आणि 'ब' माइकपर्यंत पोचत नाहीत.

हलगी_लातूर:
बघा, दम कोंडतो, नजर आखडते, म्हणजे वाजवणं बदलतंच. हेच तर म्हणतोय मी.

परभणी_बेस:
बदलतं, पण सुधारतं का? तालमीत एकच रिफ मुखवटा घालून आणि काढून रेकॉर्ड करा, मग डोळे मिटून ऐका.