डरहॅमला मात्र खाली बघा
इंग्लंडमध्ये फिरताना पाऊस लागला की चर्चमध्ये शिरायचं, पण दोन पाहिली की तिसरं तसंच वाटतं, हे तुम्ही लिहिलेलं अगदी पटलं. यॉर्क मिन्स्टर हे भलंमोठं कथीड्रल वर बघत पाहिल्यानंतर आमचीही मान आणि उत्साह दोन्ही आखडले होते. पण म्हणून उत्तर इंग्लंडमधलं डरहॅम वगळू नका. स्टेशनपासून टेकडीवरच्या कथीड्रलपर्यंत चालताना छत्री दोनदा उलटी झाली, बूट पचपच वाजत होते, म्हणून मी खालीच बघत आत गेले आणि तेच बरं झालं.

मुख्य दालनाच्या पश्चिमेकडच्या टोकाला फरशीत काळ्या दगडाची आडवी पट्टी आहे. मठ होता तेव्हा बायकांनी ती ओलांडायची नाही, कारण पलीकडे संत कथबर्टची समाधी! (गाभारा आठवला ना?) हा दगड फ्रॉस्टर्ली गावचा. म्हणायला संगमरवर, प्रत्यक्षात काळा चुनखडक. त्यात प्रवाळांचे पांढरे जीवाश्म आहेत, कापलेल्या भेंडीच्या चकत्यांसारखे. पूर्वेकडच्या नऊ वेदींच्या चॅपलमधल्या खांबांवर ते अगदी डोळ्यांसमोर दिसतात. कोट वाळेपर्यंत मी तेच न्याहाळत बसले. बांधकाम 1093 साली सुरू झालेलं, पण दगड कोट्यवधी वर्षांचा.