अंतराळातल्या वायूच्या ढगात कॉस्मिक रे (अंतराळातून येणारे वेगवान कण) खरंच वेग घेतात काय?

खानापूरचा पोरगा: बीएस्सीला हाय, बेळगावात. फर्मी या भौतिकशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये म्हटलं की चुंबकीय ढगांवर आपटून कण वेगवान होतात, पण पाठीमागून आपटला तर एनर्जी जाणार की, मग फायदा कसला? डोकं चालंना झालंय.

टिळकवाडी_काका: अरे पावसात बाइकवरून खानापूरला जातोस न्हवं? थेंब पाठीपेक्षा छातीवर जास्त बसतात, तसंच समोरासमोरच्या धडका जास्त होतात म्हणून शेवटी थोडा नफा उरतो. पण ढग सेकंदाला १० किमीनं सरकतोय धरलं तर एका धडकेत नफा साधारण अब्जाव्या भागाएवढा, त्यात काय भागणार! म्हणून आता सुपरनोव्हाच्या (फुटलेल्या ताऱ्याच्या) शॉकला, म्हणजे धक्क्याच्या लाटेला मुख्य मानतात, तिथं कण शॉकच्या अलीकडं-पलीकडं फिरतो आणि दर फेरीला कमावतोच.

निपाणीकर: मग ढग बिनकामाचा?

टिळकवाडी_काका: न्हाई ओ, ढग म्हणजे टार्गेट. प्रोटॉन त्यातल्या हायड्रोजनवर आपटला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात, आणि न्यूट्रल पायॉन फुटून गॅमा किरण. आयसी ४४३ आणि डब्ल्यू४४ या सुपरनोव्हाच्या अवशेषांमध्ये फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीला ही खूण सापडली, २०१३ ला. ढगाच्या आतल्या नवजात ताऱ्यांच्या जेटमध्ये (वायूच्या वेगवान झोतात) पण शॉक असतात, तिथं कणांना थोडा वेग मिळतोय म्हणतात.

खानापूरचा पोरगा: थेंबाचं पटलं बघा काका 🙏