मदत हवी आहे : पुण्याहून परतणाऱ्या मुलीसाठी घरचे नियम

मार्च २०२१ च्या या शेवटच्या आठवड्यात कोरोनामुळे पुण्यातील महाविद्यालये पुन्हा बंद असल्याने माझी वीस वर्षांची मुलगी वसतिगृह सोडून साताऱ्याला घरी येत आहे. घरात माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाई असून त्यांना मधुमेह आहे; त्यांच्या लसीची पहिली मात्रा नुकतीच झाली आहे, दुसरी बाकी आहे.

मुलीचा आरटी-पीसीआर अहवाल निगेटिव्ह आला असला, तरी संसर्गानंतर लक्षणे दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात आणि फार लवकर केलेली चाचणी चुकू शकते, हे लक्षात घेऊन तिने माडीवरच्या खोलीत राहावे, जेवणाचे ताट तिथेच घ्यावे आणि खाली येताना मास्क लावावा, असे आम्ही ठरवले आहे. अडचण अशी, की घरात स्नानगृह आणि शौचालय एकच आहे. तिच्या वापरानंतर खिडकी उघडून किती वेळ थांबावे आणि सासूबाईंनी आधी सगळे आवरून घेणे पुरेसे होईल का?

त्याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. चौदा दिवसांनंतर गावातील मैत्रिणींना भेटण्यावर बंधन घातल्यास, “बाबा रोज दुकानात जातात, त्यांना नियम नाहीत का?” असे ती विचारते, आणि खरे सांगायचे तर तिचे म्हणणे मला पटते. ज्यांच्या घरी असे नियम सर्वांना सारखे लावले गेले, त्यांनी ते कसे ठरवले आणि नातीला जवळ घ्यायला आतुर असलेल्या आजीला कसे समजावले, हे कृपया सविस्तर कळवावे.