मॉनिटर घ्यायचाय पण दुकानदाराचे शब्द डोक्यावरून गेले (आयपीएस, १ एमएस, टच वगैरे)

निशिगंध:
नमस्कार मंडळी. बाबांचं तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला अशी कामं. तिथला १९ इंची चौकोनी मॉनिटर परवा गेला. खूप वर्षं चालला बिचारा. नवा बघायला गेले तर दुकानदार म्हणाला, "एलईडी देऊ की आयपीएस देऊ? आयपीएस थोडा महाग पडेल." मग म्हणे हा १ एमएस आहे, तो १०० हर्ट्झ आहे, आणि २७ इंची घ्या कारण २४ पेक्षा फार फरक नाही किमतीत. मी नुसती मान हलवून घरी आले. बाबांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत त्यामुळे त्यांना २७ चा मोह झालाय.

दुसरं म्हणजे बाबांना टचवाला पण हवाय. पण आमच्या जुन्या बिलिंग मशीनच्या टचवर जोर लावून दाबावं लागतं, आणि हल्ली एक बटण दाबलं की शेजारचं लागतं. मोबाईलला तर नुसतं बोट टेकवलं तरी चालतं. दोन्हीला टचच म्हणतात ना, मग असं का? कोणीतरी साध्या भाषेत सांगा प्लीज.

खडखडाट:
एलईडी देऊ की आयपीएस देऊ म्हणजे डिझेल गाडी देऊ की पांढरी गाडी देऊ असं झालं ताई. दोन्ही एकाच मॉनिटरला लागू असतात.

दुकानात एलईडी मॉनिटर म्हणून जे मिळतं ते असतं एलसीडीच. आतल्या लिक्विड क्रिस्टलला स्वतःचा उजेड नसतो, ते फक्त मागून येणारा उजेड अडवतात किंवा सोडतात. पूर्वी तो उजेड बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्यांचा असायचा, आता एलईडीच्या पट्ट्या असतात, म्हणून खोक्यावर एलईडी छापायला लागले. आयपीएस, व्हीए, टीएन ही त्या क्रिस्टलच्या वळण्याची पद्धत. टीएन सगळ्यात स्वस्त, पण जरा खालून किंवा बाजूने बघितलं की रंग उलटेपालटे. व्हीएचा काळा चांगला काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. पण आयपीएस बाजूने बघितलं तरी नीट दिसतो आणि तुमच्याकडे तेच कामाचं, कारण गिऱ्हाईक टेबलाच्या बाजूला उभं राहून "नाव बरोबर पडलंय का बघू" म्हणणारच. आयपीएस घ्या. खोक्यावर कोटीच्या घरातला कॉन्ट्रास्ट लिहिलेला असेल तर तो डायनॅमिक, म्हणजे पूर्ण काळा पडदा दाखवताना मागचा दिवा जवळजवळ बंद करून काढलेला आकडा. सोडून द्या.

१०० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १०० वेळा चित्र बदलू शकतो. १ एमएस (एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) ही वेगळी गोष्ट, पडद्यावरच्या एका ठिपक्याला (पिक्सेलला) रंग बदलायला लागणारा वेळ. त्यात पण गंमत आहे, बारीक अक्षरात जीटीजी लिहिलंय की एमपीआरटी ते बघा. जीटीजी म्हणजे एका करड्या छटेतून दुसरीत जायचा वेळ. एमपीआरटी म्हणजे एक चित्र डोळ्यासमोर किती वेळ रेंगाळतं ते, आणि ते १ वर आणायला बऱ्याचदा मागचा दिवा लुकलुकवतात, मग उजेड कमी होतो. फॉर्म भरायला यातलं काहीच लागत नाही. १०० हर्ट्झमुळे स्क्रोल जरा गुळगुळीत वाटेल, बास.

अर्धचंद्र:
२७ इंचीच्या मोहात पडण्याआधी रिझोल्यूशन बघा, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे ठिपके किती ते!! इंच म्हणजे फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. ठिपके तेवढेच ठेवून पडदा मोठा केला की ठिपका मोठा होतो. १९२० बाय १०८० चे (फुल एचडी म्हणतात ते) ठिपके २४ इंचात पसरले की एका इंचात ९२ येतात, २७ इंचात ८२. तुमच्या जुन्या चौकोनी १९ इंचीत (१२८० बाय १०२४ असेल) ८६ होते. म्हणजे नवीन मोठा मॉनिटर आणून अक्षर जुन्यापेक्षा भरडं. इंग्रजीला ते खपून जातं हो, पण आपल्याकडे रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, "द्ध" आणि "द्य"... लहान अक्षरात ते सगळं चार-पाच ठिपक्यांत बसवायचं असतं. सातबारावर आडनावातला रफार दिसला नाही तर काय होतं ते तुमच्या बाबांना मी सांगायला नको.

खडखडाट:
अहो पण ठिपका मोठा म्हणजे अक्षर पण मोठं दिसणार ना, आणि त्यांना डोळ्यांचाच प्रॉब्लेम आहे. माझ्या वडिलांना २७ ची फुल एचडीच आवडते.

अर्धचंद्र:
मान्य, मोठं दिसतं. पण मोठं आणि सुबक दोन्ही मिळतं की. २७ मध्ये २५६० बाय १४४० घ्यायचा, तिथे इंचाला १०९ ठिपके, आणि विंडोजमध्ये स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायची सेटिंग) १२५ टक्के करायचं. अक्षराचा आकार जवळपास जुन्या १९ इंचीएवढाच राहतो, फक्त तेच अक्षर जास्त ठिपक्यांत काढलं जातं. अडचण एवढीच की जुन्या सीपीयूच्या एचडीएमआयमधून १४४० निघेलच असं नाही. डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरची वायर जोडायची दुसरी जागा) असेल तर तो वापरा. नुसतं निळं व्हीजीएच असेल तर मग २४ इंची फुल एचडी घेऊन गप्प बसा. आणि हो, दुकानात जाताना एक सातबारा पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तिथेच उघडून बघा, खोक्यावरचे आकडे वाचत बसण्यापेक्षा ते बरं.

गोंदपट्टी:
टचचं मी सांगतो, मोबाईल रिपेअरिंग करतो.

बिलिंग मशीनचा टच रेझिस्टिव्ह. वर लवचिक प्लास्टिकचा थर, खाली काच, दोघांच्या मधे केसाएवढी फट. दाबलं की दोन्ही थर चिकटतात आणि कुठे चिकटले ते मशीनला कळतं, म्हणून जोर लागतो, पण मग नख, पेनचं टोपण, हातमोजा काहीही चालतं. मोबाईलचा कपॅसिटिव्ह. काचेखाली पारदर्शक वाहक थर असतो आणि आपल्या बोटातून वीज जाऊ शकते म्हणून बोट जवळ आलं तरी तिथला चार्ज बदलतो. टोपणाने चालत नाही ते त्यामुळेच, आणि ओल्या हाताने येडा होतो तो पण त्यामुळेच, कारण पाणीसुद्धा त्याला बोटासारखंच वाटतं.

शेजारचं बटण लागतंय ना, मशीन फेकू नका. सेटिंगमध्ये टच कॅलिब्रेशन शोधा, कोपऱ्यात अधिकची खूण येते, त्याच्या बरोबर मध्यावर बारीक टोकाने दाबत जायचं. वरचा थर झिजला असेल तर मात्र परत सरकेल.

आणि आमच्याकडे गिऱ्हाईक येतं "डिस्प्ले गेला" म्हणून, आणि गेलेली असते नुसती वरची काच. चित्र दिसतंय, बोट चालतंय, फक्त तडा आहे तर काच. चित्र दिसतंय पण बोट चालत नाही तर टच. काळे डाग, रेघा आल्या तर डिस्प्ले. आता बहुतेक फोनमध्ये तिन्ही चिकटूनच येतं, त्याला आम्ही फोल्डर म्हणतो, कोणी कॉम्बो म्हणतं. त्यामुळे शेवटी बिल फोल्डरचंच होतं आणि शिव्या मला.

खडूफळा:
तिसरा प्रकार राहिला. शाळेतल्या बऱ्याच मोठ्या पॅनेलला चौकटीत इन्फ्रारेडचे दिवे असतात, पडद्यासमोर न दिसणाऱ्या किरणांचं जाळं, ते बोटाने तुटलं की टच. जाळं तोडणारी वस्तू बोटच असावी अशी काही अट नाही. आमच्या वर्गात माशी बसली की पान उलटतं, आणि पोरं मग माझ्याकडे न बघता माशीकडे बघतात.

जाता जाता, टचस्क्रीनला मराठीत स्पर्शपटल आणि पिक्सेलला चित्रबिंदू म्हणतात, शब्द छान आहेत. चित्रबिंदू मी वर्गात वापरते, पोरांना अर्थ लगेच कळतो.

गोंदपट्टी:
माझ्याकडे कोणी स्पर्शपटल बदलून मागितलं तर मी आधी चहा पाजेन मॅडम 😄

निशिगंध:
सगळ्यांचे खूप आभार. सीपीयूला व्हीजीए आणि जुना एचडीएमआय एवढंच निघालं म्हणून २४ इंची आयपीएस घेतला. टचवाला नाही घेतला, बाबाच म्हणाले दिवसभर हात वर करून कोण बसणार. पेनड्राइव्ह नेला होता. शेजारी ठेवलेल्या २७ च्या फुल एचडीवर आमच्याच गटाचा उतारा उघडला तर "र्‍या" मधला तुकडा खरंच चोथा झालेला दिसत होता, दुकानदार पण चष्मा लावून बघायला आला.

बिलिंग मशीन कॅलिब्रेट केलं, आता बटण बरोबर लागतं. बाबा अजून नखानेच ठोकतात, तेवढं चालेल ना?

गोंदपट्टी:
चालेल. बॉलपेनच्या टोकाने मात्र नको, वरचा थर फाटतो.