पावसाळ्यात घरातला व्यायाम टिकवायचा कसा?

भाट्येकर, रत्नागिरी
माझे वय 52 आहे. ऑक्टोबर ते मे मी रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर पाऊण तास चालतो, पण जून लागला की सारेच थांबते. गेल्या वर्षी अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यावर घसरून मनगट मोडून घेतले, त्यामुळे घरचे पावसात बाहेर पडू देत नाहीत. घरात काही सुरू केले, तरी ‘उद्या उघडीप मिळेल, मग चालायलाच जाऊ’ या आशेवर ते आठवड्यात सुटते. ट्रेडमिल घ्यावी का?

पडवी, गुहागर
मुळीच घेऊ नये. आमच्याकडे वाऱ्यापावसात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो आणि खारी हवा लोखंड खाते ते वेगळेच. आमच्या ट्रेडमिलच्या दांडीवर सध्या नातवाची दुपटी वाळत आहेत. त्यापेक्षा चहाचे आधण ठेवण्याआधी माजघरात 12 सूर्यनमस्कार घालावेत. सूर्य दिसला नाही तरी चालते.

कौलारू, देवगड
खरी अडचण उघडिपीची वाट पाहण्यात आहे, कारण त्यामुळे घरातला व्यायाम तुम्हाला बदली कामगारासारखा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते; ही मिनिटे सलग असण्याची गरज नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. मात्र दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही आणि थोड्या श्रमातही छाती धडधडते. आपली ताकदच गेली असे वाटून माणूस इथेच सोडून देतो. खिडकी उघडी ठेवावी आणि पहिला पंधरवडा निम्म्यावरच थांबावे.

चाळवाला, संगमेश्वर
आमच्या वाडीत गणपतीच्या आधी रात्री ओटीवर जाखडीचा सराव चालतो. पायात चाळ बांधून, ढोलकीच्या ठेक्यावर वाजवणाऱ्यांभोवती फेर धरला की अर्ध्या तासात सदरा पिळून काढावा लागतो. तिथे कोणाला आठवण करावी लागत नाही, कारण एक गडी आला नाही तर फेर मोडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी घेतली जाते.

भाट्येकर, रत्नागिरी
सर्वांचे आभार. सूर्यनमस्कारात मनगटावर भार येतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करीन. तूर्त शेजारच्या काकांना सकाळी सहाला आमच्या पडवीत बोलावले आहे. बैठका दोघांनी मिळून मारायच्या आणि जो चुकेल त्याने दुसऱ्याच्या घरचे नारळ सोलून द्यायचे, असे ठरले आहे.