डोळ्यातला जंत आणि लिफ्टमधली कुत्री (बी विंग ग्रुप)

जोशी काकू (बी-४०२): सकाळी कोणीतरी व्हिडिओ टाकलाय तो बघितला का, डोळ्यातून चक्क पांढरा दोऱ्यासारखा वळवळणारा जंत काढतायत आणि खाली लिहिलंय कुत्र्यांमुळे होतो. आपल्या लिफ्टमधून कुत्री रोज वरखाली करतात, कमिटीने लक्ष घालावं 🙏

साने (बी-१०१): फेक आहे. हल्ली एआयने काहीही बनवतात

स्मिता (बी-६०३): काका फेक नाही ओ, माझी नणंद कोझिकोडला असते, तिच्या शेजारच्या आजींच्या पापणीला गाठ आली, सगळे म्हणाले रांजणवाडी आहे शेक द्या, शेक देऊन देऊन कंटाळल्या आणि गाठ कधी इकडे कधी तिकडे, शेवटी काढली तर आत जंत!! केरळात अशा केसेस होतात म्हणे

जोशी काकू: बघा!! लिफ्टबंदी करा म्हणते मी ती उगाच नाही

प्रणाली, व्हेट (बी-५०४): काकू जरा थांबा. जंत खरा आहे, डायरोफिलारिया रेपेन्स नाव त्याचं, कुत्र्याच्या कातडीखाली राहतो. पण कुत्र्याला हात लावून, त्याने चाटून किंवा एका लिफ्टमधून जाऊन तो होत नाही. कुत्र्याच्या रक्तात त्याची बारीक पिल्लं फिरतात, डास चावला की ती डासाच्या पोटात जातात, तिथे साधारण दहा ते चौदा दिवस वाढतात आणि मग तोच डास आपल्याला चावला तर आपल्यात येतात. मधे डास नसेल तर काहीच नाही. माणसात त्याची पुढची पिढी सहसा होतच नाही, एखादाच जंत भरकटतो, म्हणून माणसाकडून माणसालाही नाही. आणि उपाय म्हणजे तो काढून टाकायचा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं

स्मिता: आणि ते हार्टवर्म म्हणतात ते हेच का गं?

प्रणाली: त्याचा भाऊबंद, डायरोफिलारिया इमायटिस. तो कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत असतो, मादी वीतभरापेक्षा लांब. आपल्याकडे ईशान्येकडच्या कुत्र्यांत जास्त. माणसात क्वचित गेला तर फुप्फुसात मरतो आणि एक्सरेत नाण्यासारखा गोल डाग दिसतो, घरच्यांना आधी कॅन्सरच वाटतो

रोहन (बी-२०३): आमच्या ब्रूनोची हार्टवर्मची किट टेस्ट निगेटिव्ह आलीये, म्हणजे आम्ही सेफ ना

प्रणाली: ती किट इमायटिसची आहे रे, रेपेन्स त्यात कळत नाही, त्यासाठी रक्त मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. घेऊन ये एकदा

रोहन: आणि ते जंतांचं औषध, आयव्हरमेक्टिन, ऑनलाईन मागवून मीच दिलं तर? गुरांचं इंजेक्शन स्वस्त पडतं

प्रणाली: अजिबात नको!! कॉली जातीच्या कुत्र्यांना त्याने फिट्स येऊ शकतात, आणि रक्तात जंताची पिल्लं खूप असतील तर एकदम मरून रिॲक्शन येते. आधी टेस्ट, मग वजन बघून महिन्याची गोळी नाहीतर मानेवर टाकायचं औषध

नाडकर्णी काका (बी-३०१): हत्तीरोगाचा डास तो हाच का? आम्ही नागपूरला असताना हिवताप खात्याची माणसं रात्री येऊन बोटातून रक्त घ्यायची, आई ओरडायची पोरं झोपली की आले हे

प्रणाली: जंत वेगळा काका, हत्तीरोगाचा डासामार्फत माणसाकडूनच माणसात जातो. त्याची पिल्लं रात्री रक्तात वर येतात म्हणून ती रात्रीची फेरी. पण डास मात्र ओळखीचा, क्युलेक्स. एडिस, ॲनाफिलिस पण कुत्र्याचा जंत नेतात. क्युलेक्स घाण पाण्यात होतो, आणि आपल्या पार्किंगमधल्या चेंबरचं झाकण कधीपासून तुटलंय??

साने: हे मी एजीएममध्ये बोललो होतो. मिनिट्समध्ये आलं नाही.

सेक्रेटरी (बी-७०१): साने साहेब आलंय, पान बघा. जोशी वहिनी, लिफ्टबंदी आपल्याला करताच येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची गाईडलाईन आहे, मागे एकदा वाद झाला तेव्हाच वाचली होती. झाकण उद्या बसवतो. गच्चीवर संडासाच्या टाकीचा जो व्हेंट पाईप आहे त्याला जाळी लावा म्हणून आरोग्यवाले मागेच सांगून गेलेत, तीही लावून टाकू, नाहीतर सगळे डास तिथूनच वर येतात

जोशी काकू: बरं बाई. पण माझ्या कुंड्यांच्या ताटल्यांना कोणी नावं ठेवू नका, त्यात पाणी नसतं

रोहन: काकू काल ब्रूनो त्यातलंच पाणी पीत होता 😅

जोशी काकू: म्हणजे माझ्या दारात कोण सोडतं त्याला??